पोपटी धाग्याचा अहवाल

यवतमाळच्या लोहाऱ्यात आमच्या गल्लीतली घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. शेजारी मिरचीची फोडणी बसली की ठसका आमच्याकडे लागतो. माझ्या स्वयंपाकघराला चिकटून जी खोली आहे, तिथं आधी एसटीचा एक कंडक्टर राहायचा. तो घोरायचा, आम्ही सवय करून घेतली. तो गेला आणि जया राठोड आली. ती घोरत नव्हती. ती सकाळी भाकरी थापता थापता मोठ्यानं कारभार शिकायची.

“अधिकार दिला तर जबाबदारीही द्यावी.” थाप. “जबाबदारी दिली तर अधिकारही द्यावा.” थाप. “एका कामगाराला एकच साहेब असावा.” भाकरी तव्यावर.

आधी आम्हाला वाटलं, पोरगी फोनवर कुणाशी तरी भांडते. मग माझी बायको फरीदा भिंतीला कान देऊन ऐकायला लागली, आणि तिथून माझे दिवस फिरले. एका सकाळी फरीदानं मला पिठाच्या गिरणीवर धाडलं आणि त्याच दमात अम्मीनं औषधाच्या दुकानात. फरीदा अम्मीला म्हणाली, एका माणसाला एकच साहेब पाहिजे, पुस्तकात लिहिलंय, तर साहेब कोण ते आज ठरवून टाकू. दोघींनी बसून ठरवलं. तेव्हापासून आमच्या घराचा कारभार अगदी शास्त्राप्रमाणे चालतो. मला एकच साहेब आहे, आणि तो मी नाही.

जया महागाव तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरची. तिचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथे घालायचे; बाप रामधन आता कापूस आणि सोयाबीन करतो. तिला कॉस्ट अकाउंटंट व्हायचं होतं. मी म्हटलं, म्हणजे मुनीम. तिला राग आला नाही. तिनं समजावून सांगितलं की मुनीम झालेला हिशोब लिहितो. हे लोक पुढं काय करावं ते मालकाला सुचवतात. ठरवतं कोण? मालकच. म्हणजे शहाणपण तुझं आणि खुर्ची त्याची, मी म्हटलं. ती म्हणाली, हो चाचा, तोच तर पेपर आहे.

दिसायला बारकी. केसांना चपचपीत तेल, चपलेच्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तिनं एकदा विचारलं की दुसरी किटली विस्तवावर कायम रिकामी का ठेवतोस. तो बिचारा दोन दिवस झोपला नाही म्हणे. माझ्या स्कूटरवर तर तिनं घालाच घातला. ती स्कूटर मी दर महिन्याला दुरुस्त करायचो आणि दर वेळी म्हणायचो, एवढा पैसा घातलाय हिच्यात, आता विकून कसं चालेल? जया म्हणाली, “चाचा, घातलं ते गेलं. ते हिशोबात धरायचंच नाही. आजपासून पुढं ही किती खाईन अन् काय देईन, तेवढंच पाहा.”

मी म्हटलं, बेटा, ही आमच्या लग्नातली आहे.

“लग्नाचाबी असाच विचार करता येते का?” फरीदा आतून म्हणाली.

स्कूटर त्याच आठवड्यात गेली. फरीदा अजून ठरवते आहे.

तर जयाच्या परीक्षेला एक अट असते. नुसते पेपर सोडवून भागत नाही. एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करून मालकाच्या सहीचा दाखला आणावा लागतो. यवतमाळात ओळखीशिवाय कोणी उभं करेना. मग मीच तिला आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या संजयशेठकडे नेलं. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. त्याच्याकडे कापडी पिशव्या शिवायचा कारखाना, बारा बाया, बारा मोटरवाल्या मशीन. त्या बाराही मशीन माझ्याच हातच्या. प्रत्येकीचा खोकला मी ओळखतो. मशीनचा म्हणतोय.

संजयशेठ माणूस वाईट नाही. कापडाच्या दुकानात जन्मला, गल्ल्यावर रांगला. त्याच्या घराण्याची एक श्रद्धा आहे की कापडावर दुसऱ्याचा खडू फिरला की लक्ष्मी पाठ फिरवते. म्हणून थान अंथरलं की आखणी तो स्वतः करतो. पूजा होते, नाश्ता होतो, बाजारात दोघातिघांची विचारपूस होते, मग स्वारी कारखान्यावर येते आणि खिशातून खडू निघतो.

त्या काळात एका बियाणे कंपनीच्या पिशव्यांची मोठी ऑर्डर होती आणि माल उशिरा जात होता. शेठला वाटायचं, बारातली कोणीतरी बाई सुस्त आहे आणि बाकीच्यांच्या जिवावर खाते. त्याला वाटायला कारणही होतं. तिथली रीत अशी की प्रत्येक बाई पुरी पिशवी शिवायची, पण संध्याकाळी सगळ्या पिशव्यांचा एकच ढीग व्हायचा. पिशवीमागं ठरलेली मजुरी, आणि ती बारा जणींत सारखी वाटून. कोणी किती शिवल्या, ते फक्त त्या बायांना आणि अल्लाला माहीत.

शेठनं जयाला पहिलंच काम ते दिलं. कोण किती शिवते ते महिनाभर मोजायचं आणि लिहून द्यायचं. जी सगळ्यात खाली येईल तिला घरी पाठवायचं, तिच्या जागी तेज हाताची आणायची. अहवाल चांगला झाला तर दाखला पक्का.

मोजायचं कसं? इथं जयानं जी युक्ती काढली, ती ऐकून मी माझा पेचकस खाली ठेवला होता. मशीनला दोन धागे असतात. वरचा धागा पिशवीवर दिसतो. खालचा, बॉबिनमधला, आतल्या बाजूला राहतो. तिनं प्रत्येक बाईला बॉबिनसाठी वेगळा रंग दिला. बेबीताईला लाल, गझालाला जांभळा, रुपीबाईला पोपटी, असे बारा रंग. वरून सगळ्या पिशव्या पांढऱ्या धाग्याच्या. उलटी केली की शिवणारीचा रंग. गिऱ्हाइकाला पत्ता नाही, बाईच्या कामात एका टाक्याचा खोळंबा नाही, आणि ढीग एकच राहिला तरी मोजणी बारा जणींची. मी इतकी वर्षं बॉबिन भरतोय, ती कधी साक्ष देईल असं मला वाटलं नव्हतं.

तिनं आणखी एक काळजी घेतली. पुस्तकात म्हणे लिहिलंय की आपल्याकडे कोणी बघतंय असं कळलं की माणूस वेगळं काम करतो. म्हणून महिनाभर ती शिलाईच्या हॉलमध्ये शिरलीच नाही. संध्याकाळी बाया गेल्यावर गोदामात बसून पिशव्या उलट्या करायची. आकडा शुद्ध राहावा म्हणून.

आता पुढचं मी पाहिलं, तिनं नाही.

महिना सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, बेबीताईची मशीन अडली. बेबीताई म्हणजे त्या हॉलमधला सगळ्यात तेज हात. तिच्या बाजूला उभं राहिलं तर वारा लागतो. मी बॉबिनची डबी उघडली. लाल धागा पाहिजे होता. आत पोपटी.

मी तिच्याकडे पाहिलं. ती छताच्या पंख्याकडे पाहत होती.

“पंखा बी दुरुस्त करता काय रहेमानभाई?”

मी म्हटलं, बेबीताई, हा रंग रुपीबाईचा. ती म्हणाली, तुम्हाले रंगाचं काय कळते, तुम्ही तेल घाला. मग हळूच मान वळवून रुपीबाईकडे बोट केलं. रुपीबाई कोपऱ्यातल्या मशीनवर बसली होती, उजवा हात पदराखाली. भज्याच्या कढईतलं तेल मनगटापासून बोटांपर्यंत सांडलं होतं. रंग कशासाठी वाटलेत ते बायांनी केव्हाच ओळखलं होतं. सुट्टी मागितली तर महिन्याच्या शेवटी सगळ्यात खाली तिचाच रंग, हे लहान पोरालाही कळलं असतं. म्हणून ती रोज वेळेवर येत होती, मशीन चालू करत होती, पेडलवर पाय देत होती. मशीन फिरत होती. सुईत धागा नव्हता. दुरून पाहणाऱ्याला बाई जोरात कामाला लागलेली दिसायची.

बेबीताईनं मला शपथ घातली की हे कोणाला सांगायचं नाही, बाकीच्या बायांनाही नाही. हे फक्त तिचं आणि रुपीबाईचं. मी मान डोलावली.

आठवड्यानं गझालाच्या मशीनचा पट्टा बदलायला गेलो. डबी उघडली. पोपटी. गझालानं ओठावर बोट ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, बेबीताईला कळू देऊ नका, ती रागवेल. मग मला चेव आला. कोणाचा टाका सैल पडतो का, कोणाची सुई बोथट झाली का, असं विचारत मी त्या दिवशी हॉलभर फिरलो आणि जमेल तेवढ्या डब्या उघडून पाहिल्या. कोणाच्या मशीनमध्ये पोपटी बसवलेला, कोणाच्या खणात पोपटी भरलेली दुसरी बॉबिन. प्रत्येकीनं मला वेगळी शपथ घातली आणि प्रत्येकीला वाटत होतं की रुपीबाईला सांभाळणारी ती एकटीच आहे. इतक्या शपथा घेऊन मी घरी आलो की जेवताना तोंड उघडायची भीती वाटत होती. फरीदाला सांगितलं, तेवढंच. आमच्या घरात गोष्ट पोटात राहिल्याचा इतिहास नाही, पण ती आम्ही दोघांनी ठेवली. बारा मशीनच्या एवढ्या खडखडाटात इतकं गुपचूप काही घडू शकतं, याचंच मला नवल वाटत होतं.

महिना संपला. जयानं अहवाल दिला. शेठनं तो हॉलमध्ये उभं राहून वाचला, आणि मी तिथं हजर होतो, कारण अशा वेळी माझ्या हातून कुठली ना कुठली मशीन उघडी राहतेच.

पहिला नंबर, रुपीबाई.

अकरा बायांनी एकदम मान वर केली. प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या पिशव्या तिच्या रंगात घातल्या होत्या. सगळ्यांचं थोडं थोडं मिळून रुपीबाई बिनहातानं साऱ्या हॉलच्या पुढं गेली होती. शेठ खूश. म्हणाला, रुपीबाईकडून बाकीच्यांनी शिकावं. रुपीबाईचा चेहरा चुन्यासारखा झाला.

शेवटचा नंबर, बेबीताई. तिनं सगळ्यात जास्त दिल्या होत्या ना.

शेठलाही जरा आश्चर्य वाटलं. पण आकडा आकडा असतो. म्हणाला, बोलण्यात तेज दिसली, कामात नाही. शनिवारपर्यंत मशीन रिकामी कर. बेबीताईनं तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत खुलासा होता. तिनं सुईत धागा ओवला आणि पुढची पिशवी घेतली. तिला माहीत होतं, खरं बोललं की बिनहाताची कोण ते उघडं पडणार.

आता मला वाटलं, जयाला सांगावं. पण तोवर ती स्वतःच हॉलमध्ये शिरली होती. मोजणी संपली होती, त्यामुळं आता बघायला हरकत नव्हती. तिला पाहायचं होतं की पहिल्या नंबरची बाई काम करते कसं; तिची पद्धत लिहून काढायची आणि सगळ्यांना शिकवायची. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि रुपीबाईच्या बाजूला उभी राहिली, नेहमीसारखी हातांकडे बघत.

रुपीबाईनं घाबरून पेडल दाबलं. मशीन फिरली. कोरी सुई वरखाली, वरखाली.

मी दोन मशीन सोडून बसलो होतो. मला त्या मुलीची पाठ दिसत होती. ती हलली नाही. मग खाली बसली, पदर जरासा बाजूला केला, भाजलेल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, “काकू, याले काय लावता?”

“कोरफड,” रुपीबाई म्हणाली.

जयानं मान हलवली. उठली. एकेका बाईच्या मागून चालत गेली, कोणाला काही विचारलं नाही, फक्त उघड्या खणांतल्या पोपटी बॉबिनींकडे बघत. दारापर्यंत पोचेपर्यंत तिला सगळं कळलं होतं. मला जे कळायला पंधरा दिवस आणि तेवढ्या शपथा लागल्या, ते तिला हॉलच्या एका फेरीत.

घरी आम्ही चालतच आलो, स्कूटर राहिली नव्हती. वाटेत ती म्हणाली, “चाचा, आमच्या तांड्यावर इर्जिक करतात. एकाच्या वावरात सगळ्यांचे बैल. कोणाच्या बैलानं किती तास काढले ते कोणी मोजत नाही. मी तिथं वाढली. अन् मीच या बायायले रंग वाटून आली.”

मी तिला धीर द्यायला म्हटलं की तुझा काय दोष, बायांनीच तुझ्या रंगात घोळ घातला. ती थांबली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. खोलीत गेल्यावर तिनं आईला फोन लावला. भिंतीपलीकडून ‘याडी, याडी’ एवढं ऐकू आलं. त्यांची गोरबोली मला कळत नाही. फरीदाला तर अजिबात कळत नाही, तरी ती पूर्ण वेळ भिंतीपाशीच होती.

शनिवारी शेठनं मला बोलावलं, बेबीताईची मशीन खोलून गोदामात ठेवायला. मी त्याच्या केबिनमध्ये पेचकस घेऊन उभा होतो तेव्हा जया आत आली. तिचा दाखला टेबलावरच होता. शेठ त्यावर सही करणारच होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. ती बसली नाही.

“शेठ, मी माहा अहवाल वापस घेते.”

“काहून? बेरीज चुकली?”

“बेरीज बरोबर हाय. मोजलं तेच चूक.”

शेठनं पेन खाली ठेवलं. विचारलं, कोणी लबाडी केली, नाव सांग. जया म्हणाली, “धागे मी वाटले. वाटायचा अधिकार तुम्ही मले दिल्ता. तर जबाबदारी बी माहीच.”

मला भाकरी थापण्याचा आवाज आला. खरंच आला. हे वाक्य मी महिनोन्‌महिने भिंतीतून ऐकत होतो आणि ते माणूस असं वापरतो हे मला माहीत नव्हतं.

शेठ म्हणाला, “मी नाव इचारून राह्यलो.”

“नाव मी सांगन नाही. पण माल उशिरा काहून जाते ते सांगते. तुम्ही मले त्याच्यासाठीच बसवलं.”

मग तिनं जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. त्या महिन्यात हॉलमधला एक हात पूर्ण बंद होता. तरी महिन्याच्या पिशव्या नेहमीइतक्याच झाल्या. शेठ मधेच बोलला की म्हणजे एका बाईनं फुकट खाल्लं. ती म्हणाली, मजुरी पिशवीवर आहे. पिशव्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच. तुमचं काहीच गेलं नाही. ज्यांचं गेलं त्यांनी हौसेनं दिलं. पण विचार करा. बारातला एक हात काढून घेतला आणि तरी पिशव्या कमी होत नाहीत, तर मग माल हातांपाशी अडलेलाच नाही. दुसरीकडे कुठंतरी अडलाय. बायांकडे देण्याइतका वेळ होता, कारण रोज सकाळी त्या कापलेल्या कापडाची वाट पाहत बसतात. कापड आखल्याशिवाय कापता येत नाही.

मी पेचकस घट्ट धरला. मला कळलं होतं गाडी कुठं चाललीय, आणि मला ती थांबवावीशी वाटत होती. ब्रेक माझ्याकडे नव्हता.

“आखणी तुम्ही करता,” जया म्हणाली. “अन् तुम्ही येता दुपारच्या तोंडावर. सगळ्यात हळू मशीन तुम्ही आहा, शेठ.”

शेठ मला म्हणाला, रहेमान, तू बाहेर जा. मी खाली वाकून एक स्क्रू शोधू लागलो, जो पडलेलाच नव्हता. टेबलाखालून मला तिचे पाय दिसत होते. अंगठ्यात तांब्याची तार, आणि पाय जमिनीत रोवल्यासारखे. मी आयुष्यात खूप लोकांना मालकासमोर उभं राहिलेलं पाहिलंय. माझे स्वतःचे पाय अशा वेळी दाराकडे वळलेले असतात. एवढीशी पोर, जिचा सगळा पुढचा रस्ता त्या टेबलावरच्या कागदावर होता, ती त्या कागदाकडे बघतसुद्धा नव्हती. मला मशिदीत गेल्यावर होतं तसं काहीतरी आत झालं, आणि मी टेबलाखाली होतो.

शेवटी शेठ म्हणाला, “अहवाल चुकला होता असं लिहून दे.”

तिनं उभ्यानंच लिहून दिलं. सही केली. शेठनं ते वाचलं, घडी घातली, आणि मग तो दाखला उचलून खणात टाकला. म्हणाला, ज्या शिकाऊ पोरीचा पहिलाच अहवाल चुकला असं तिच्याच हातचं लिहिलंय, तिचं काम समाधानकारक होतं अशी सही मी कशी करू? जया म्हणाली, बरोबर आहे. आणि निघून गेली. मला मशीन खोलायला पुन्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून मीही गेलो.

सोमवारी शेठ सकाळी नाश्ता न करता कारखान्यावर आला. खडू घेऊन. तीन-चार दिवस टिकला. मग नातेवाइकाचं लग्न निघालं नेरला, आणि जाताना त्यानं खडू बेबीताईच्या हातात दिला. तोंडानं काही बोलला नाही. बायांनी सांगितलं की खडू देताना त्याची बोटं सुटत नव्हती, तिला ओढून घ्यावा लागला. लक्ष्मीनं पाठ फिरवल्याचं अजून कोणाच्या कानावर नाही. ऑर्डर वेळेत गेली. बेबीताईची मशीन जागेवर आहे, रुपीबाईच्या हाताला नवी कातडी आली आहे, आणि बॉबिनमध्ये पुन्हा सगळ्यांचा पांढरा धागा आहे. पोपटी रीळ उरलं होतं ते गझाला घरी घेऊन गेली.

दाखला मात्र खणातच राहिला. सहीशिवाय जयाचं शिकाऊपण धरलं जाणार नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी पहिल्यापासून करावं लागणार होतं. तिचं वर्ष गेलं.

रविवारी दुपारी बेबीताई आणि रुपीबाई तिच्या खोलीवर आल्या. आम्ही दोघं चहाच्या निमित्तानं आत घुसलो. चहा फरीदानं केला होता, निमित्त मी. बेबीताईनं बसल्या बसल्या सांगून टाकलं की उद्यापासून बारा जणी पेडलवर पाय ठेवणार नाहीत. शेठ सही करेपर्यंत.

जया म्हणाली, “नका करू, ताई.”

“काहून नको? तुह्याच्यानं माही मशीन राह्यली.”

“त्यानं खोटं काय म्हटलं? काहीच नाही. शिकाऊनं चुकीचा अहवाल दिला, दिला ना मी? महिनाभर हॉलमंधी एक दिवस येऊन उभी राह्यली असती तरी दिसलं असतं. मी गोदामात पिशव्या उलट्या करत बसली.”

“पण मंग तू वापस घेतला ना.”

“घेतला म्हणून तुमचं काम राह्यलं. माही चूक झाल्ती ते त्याच्यानं पुसल्या जात नाही.”

रुपीबाईला रडू आलं. म्हणाली, माझ्या हातामुळं तुझं वर्ष गेलं. तेव्हा पहिल्यांदा जया हसली. “काकू, गेलं ते हिशोबात धरायचं नसते. चाचाले विचारा, त्यायची स्कूटर गेली.”

सगळ्या हसल्या. मी नाही हसलो. गल्लीतल्या कोणालाही विचारा, टोमणा मारायची संधी रहेमाननं सोडली असं कधी झालेलं नाही. त्या दिवशी सोडली. पुस्तकातलं वाक्य दुसऱ्याला लावायला सगळेच तयार असतात. आमच्या घरात तर त्याचाच उद्योग चालतो. तिनं प्रत्येक वाक्य आधी स्वतःला लावून पाहिलं होतं, आणि ते किती महाग पडतं ते बघूनही काढून ठेवलं नव्हतं. बेबीताईनं उठून जयाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. दुसऱ्या दिवशी मशीन चालू होत्या.

पंधरा दिवसांनी राजूरला कोळशाच्या वाहतुकीचं काम करणाऱ्या एका ऑफिसात तिला जागा मिळाली. ओळख कोणाचीही नव्हती. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आधीच्या ठिकाणचा दाखला कुठंय? तिनं सगळं सांगितलं, चुकलेल्या अहवालासकट. त्यांनी उद्यापासून ये म्हटलं.

मी तिला यवतमाळच्या स्टँडवर सोडायला गेलो, रिक्षानं. फरीदानं ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता आणि बजावलं होतं की राजूरला भिंत पातळ असलेली खोली बघ. राजूरकडं जाणारी वणीची गाडी लागली. जयानं पिशवी वर टाकली आणि खिडकीजवळ बसली. मी विचारलं, तिथं पहिल्या दिवशी काय करशील?

“आधी ट्रकवाल्याइच्या बाजूले जाऊन बसन,” ती म्हणाली. “मोजायचं मंग पाहीन.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं. ती पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारत होती, त्याच्या हातांकडे बघत.